लाल बॅटरी पेटली म्हणजे बॅटरीच गेली असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत पावसाळ्याआधी गाडीची काय काय काळजी घ्यावी असा लेख आला होता. टायर बघा, वायपर बदला, बॅटरीची टर्मिनलं साफ करा, सगळं बरोबर आहे, पण त्या बॅटरीला जो चार्ज करतो त्या अल्टरनेटरचं त्यात नावसुद्धा नाही. मला याच्यापायी एक अख्खी रात्र रस्त्यावर काढावी लागलीये म्हणून लिहितोय.

झालं असं की मे महिन्यात गाडी सिग्नलला उभी राहिली की मधूनच डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चित्र पेटायचं आणि जरा रेस दिली की विझायचं. वर्कशॉपला नेली, त्यांनी बॅटरी वीक झालीये सांगून नवी टाकली, बिल ५,८०० रुपये. व्होल्ट मोजायचा मीटर कुणी लावलाच नाही, आणि मीही विचारलं नाही, कारण चित्र बॅटरीचंच आहे ना! तर ते चित्र बॅटरीचं असलं तरी इंजिन चालू असताना पेटलं की त्याचा अर्थ होतो चार्जिंग होत नाहीये. ही एवढी एक गोष्ट मला पंधरा वर्षं गाडी चालवून माहीत नव्हती.

जुलैत चिपळूणहून कराडला निघालो, रात्रीचे साडेनऊ, पोफळी मागे टाकून कुंभार्लीचा घाट सुरू झाला आणि लाल बॅटरी पेटली ती विझेचना. पाऊस असा की वायपर फुल स्पीडला. बायको म्हणाली परत फिरूया, मी म्हणालो अगं बॅटरी नवीकोरी आहे काय होतंय. आता हिशोब बघा. दोन हेडलाईट ५५-५५ वॅटचे म्हणजे ९-१० अँपिअर तिथेच गेले, वर वायपर, काचेवर वाफ धरते म्हणून ब्लोअर, शिवाय पेट्रोल पंप आणि इंजिनाचा कंप्युटर, सगळं धरून सहज २५-३० अँपिअर. आणि माझी बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, म्हणजे कागदावर ३५ अँपिअर तासभर. अल्टरनेटर बंद म्हणजे हे सगळं एकट्या बॅटरीतून ओढलं जाणार, ती तासभर टिकली तरी नशीब. हेळवाकच्या पुढे वायपर दमल्यासारखे फिरायला लागले, हेडलाईट पिवळे पडले, मग स्टिअरिंग एकदम जड झालं कारण ते पण इलेक्ट्रिकवरचं, आणि पाटण पाच-सहा किलोमीटरवर राहिलं असताना गाडी गप्प झाली. हॅझार्डचे दिवे सुद्धा नीट लागेनात, मागून येणाऱ्या ट्रकला आम्ही दिसणार कसे? मोबाईलचा टॉर्च मागच्या काचेला लावून बसलो रात्रभर. त्यापेक्षा लाल दिवा लागला तेव्हाच मागे फिरून पोफळीत थांबलो असतो तर बरं झालं असतं, पण बायकोचं ऐकलं तर ना.

सकाळी पाटणहून एक ऑटो इलेक्ट्रिशियन आले, साठीचे असतील, अल्टरनेटरला अजून डायनामोच म्हणतात. (तशी जुन्या फियाट-अँबॅसिडरला खरंच डायनामो असायचे, तो शब्द गॅरेजात अजून जिवंत आहे.) त्यांच्या गाडीच्या बॅटरीला वायर जोडून माझी स्टार्ट केली, वायर काढली आणि मीटर लावला. इंजिन चालू आणि रीडिंग ११.९ व्होल्ट, रेस दिली तरी हलेना. मग त्यांनी पान्याची मूठ अल्टरनेटरच्या पाठीवर हलकेच टक् टक् केली तर रीडिंग उडी मारून १३.६ वर गेलं आणि दोन सेकंदात परत खाली. म्हणाले, "साहेब, बॅटरीला काय धाड भरल्या? तिला खायाला घालणाराच आजारी हाय. कार्बन संपल्यात."

खोलून दाखवलं. आत जो रोटर फिरतो त्याला करंट पोचवायला दोन कार्बनचे ठोकळे तांब्याच्या रिंगवर घासत असतात, ते झिजत झिजत हरभऱ्याच्या डाळीएवढे राहिले होते. नवे बोटाच्या पेराएवढे. मागचं बेअरिंग पण घरघर करत होतं ते बदललं, रिंग पॉलिश पेपरने साफ केली, अल्टरनेटर फिरवणाऱ्या बेल्टला चिरा पडलेल्या म्हणून तोही नवा. सगळं मिळून १,९०० रुपये. नंतर मुद्दाम मेमधल्याच वर्कशॉपला फोन करून विचारलं तर म्हणाले सर पूर्ण असेंब्ली (म्हणजे अख्खा अल्टरनेटर) बदलावी लागते, १४,६०० होतील.

आता असेंब्ली कधीच बदलू नये असं मी म्हणत नाही. आतल्या तारेचं वायंडिंग जळलं असेल (वास येतोच), रिंगला खोल चर पडले असतील, तर उगाच दुरुस्तीच्या नादी लागू नये. फक्त नवा घेताना अँपिअर, प्लगच्या पिना आणि पुली जुन्याशी जुळवून बघा, आणि काम सुरू करायच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायला लावा, कारण अल्टरनेटरच्या जाड वायरीत चावी बंद असली तरी करंट असतो, पाना बॉडीला टेकला की ठिणगी. बॅटरी पार उतरलेली असेल तर ती आधी चार्जरवर लावा, नव्या अल्टरनेटरला पहिल्याच दिवशी मेलेली बॅटरी भरायला लावू नका, तापतो तो.

आणि एक जुनी खोड कृपया बंद करा, चालू गाडीत बॅटरीची वायर उपसून "बघा चालतीये म्हणजे डायनामो ओके" म्हणायची. त्याने व्होल्टेज उसळतं आणि आताच्या गाड्यांचा कंप्युटर उडू शकतो, तो अल्टरनेटरपेक्षा महाग पडतो. साधा मीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट, चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४, मग हेडलाईट आणि ब्लोअर लावून परत बघायचं, साडेतेराच्या खाली घसरत असेल तर दाखवून घ्या. (नव्या काही गाड्यांत कंप्युटर स्वतःच चार्जिंग कमीजास्त करतो, तिथे एका आकड्यावरून ठरवू नका.) सकाळी स्टार्ट करताना, विशेषतः ओलाव्यात, किंचाळल्यासारखा आवाज येतो तो बेल्टचा, त्याकडे दुर्लक्ष नको. बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर असतो, त्यामुळे लाल बॅटरी आणि टेंपरेचरचा काटा दोन्ही एकदम वर आले तर बेल्ट तुटला समजा आणि आहे तिथे थांबा, इंजिन वाचेल.

माझं मागणं छोटंसं आहे. वर्कशॉपवाल्यांनी बॅटरी किंवा अल्टरनेटर बदलला की बिलावर दोन आकडे लिहावेत, बदलायच्या आधी किती व्होल्ट होते आणि नंतर किती, आणि जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा, निदान दाखवावा तरी. माझे झिजलेले कार्बन त्या काकांनी काडेपेटीत घालून दिले होते. ती काडेपेटी मी वर्कशॉपच्या काउंटरवर नेऊन उघडली तर तिथला पोरगा विचारतो, सर हे काय आहे?

पुढच्या पुरवणीत अल्टरनेटरवर चार ओळी टाकता आल्या तर बघा, गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्या निघायच्या आत.

आपला,
एक वाचक, कराड