‘दारू सोड’ म्हणण्याआधी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतला फॅटी लिव्हरवरचा, म्हणजे यकृतात चरबी साचण्यावरचा लेख वाचला. तेलकट खाणं, बैठं काम, दारू, सगळं बरोबर. कारखान्यातल्या सॉल्व्हंटचं, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणाऱ्या रसायनांचं मात्र नावही नाही. तारापूर एमआयडीसीत 26 वर्षं केमिस्ट म्हणून घालवलेल्या माझ्यासारख्याला ते खटकलं.

आमच्या शेजारचा मुलगा 28 वर्षांचा, अंगाने किडकिडीत. कंत्राटावर डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) या सॉल्व्हंटचे ड्रम रिकामे करतो. सोनोग्राफीत ‘ग्रेड 2 फॅटी लिव्हर’ निघालं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, ‘दारू सोड.’ गंमत म्हणजे ती त्याने वर्षापूर्वीच सोडलीय, तीही डीएमएफपायी! शिफ्टनंतर अर्धा ग्लास बिअर घेतली तरी तोंड लालबुंद, छातीत धडधड. डीएमएफ शरीरात असलं की दारूचं पचन अर्ध्यावर अडतं. जुन्या ऑपरेटरांना हे पाठ असतं. नुसत्या मास्कने भागत नाही. हे द्रव्य कातडीतून आत जातं, साध्या रबरी हातमोज्यांना जुमानत नाही. ब्यूटाइल रबरचे मोजे लागतात, ते महाग, म्हणून कंत्राटी पोरांच्या हाती क्वचितच पडतात.

सॉल्व्हंटमुळे यकृतात चरबी साचते कशी, ते कार्बन टेट्राक्लोराइडच्या बाबतीत चांगलं उलगडलंय. यकृत चरबीला प्रथिनाचं वेष्टन घालून रक्तात धाडतं. हे रसायन यकृतात गेलं की तिथलंच एक एन्झाइम त्याचे विखारी तुकडे करतं आणि प्रथिनं बनवणारी यंत्रणा मोडते. माल तयार, पण बारदान नाही. गोदाम भरत जातं. नेमकं तेच एन्झाइम रोजच्या दारूने वाढतं, त्यामुळे पिणाऱ्या कामगाराला दुहेरी मार.

‘एसजीपीटी नॉर्मल आहे, काळजी नको,’ हेही नेहमीचं. एसजीपीटी म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम. अमेरिकेत केंटकीमधल्या, पीव्हीसी प्लास्टिकसाठी लागणारं व्हिनाइल क्लोराइड हाताळणाऱ्या, लठ्ठ नसलेल्या कामगारांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या रक्तातली अशी एन्झाइम्स सरासरीने नॉर्मल होती. यकृताचा तुकडा तपासला तेव्हा 25 पैकी 20 जणांत चरबी आणि सूज सापडली.

विषारी पदार्थांमुळे होणारी कावीळ 1948 च्या कारखाना कायद्याने डॉक्टरांनी कळवायच्या आजारांत घातली होती. कावीळ डोळ्यांत दिसते तरी. चरबीचं कोण कळवणार? निदान काय काम करतोस, कशात हात घालतोस, एवढं तरी विचारावं. केसपेपरवर ‘व्यवसाय’ असा रकाना असतोच. या मुलाच्या कागदावर तिथे लिहिलंय : ‘नोकरी’.

आपला,
एक निवृत्त केमिस्ट, बोईसर