लुटुपुटूच्या लढाईतले खरे घड्याळ

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या क्रीडा पानावर ‘रॉयल रम्बल’ या टीव्हीवरच्या अमेरिकी कुस्तीच्या विक्रमांची चौकट आली आणि मंगळवारी लगेच एका ज्येष्ठ वाचकाचे पत्र. ज्या लढतीचा निकाल आधीच लिहून ठेवलेला असतो, त्या नुरा कुस्तीचे कसले विक्रम छापता, असा त्यांचा सवाल आहे. पत्रलेखक तालमीतले असावेत, त्यांचा राग समजतो. मी पडलो खो-खोचा वेळाधिकारी. एकतीस वर्षे शाळेत पी.टी. शिकवली आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात घड्याळ अडकवून मैदानाच्या कडेला बसलो. त्यामुळे त्यांचे म्हणणे मला निम्मे पटते. आपली चौकट मात्र निम्मीही पटली नाही.

निकाल ठरलेला असतो, यात वादच नाही. ही लढत भरवणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) कंपनीनेच 1989 साली न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सांगून टाकले की आमचा खेळ म्हणजे मनोरंजन. माझ्या वर्गातल्या पोरांना ते मान्य नव्हते, ही गोष्ट वेगळी. नव्वदच्या दशकात मी डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मल्लांचे इतके खेळायचे पत्ते जप्त केले, की टेबलाचा खण बसेना. उंची, वजन, छाती, दंड, किती लढती खेळला, किती जिंकला, सगळे छापलेले. मधल्या सुट्टीत ते पत्ते मीच वाचत बसायचो. वार्षिक परीक्षेनंतर परत देताना एकजण मला गंभीरपणे म्हणाला, “सर, अंडरटेकर सात वेळा मरतो, पत्त्यावर लिहायचं राहिलंय.”

पण ही लढत बारकाईने पाहायला लावली ती माझ्या खो-खोच्या मुलींनी. 2023 साली सरावानंतर त्यांनी मोबाइलवर दाखवले : रिया रिपली पहिल्या क्रमांकाला उतरली, मागून एकोणतीस जणी आल्या, आणि 61 मिनिटांनी आखाड्यात ती एकटीच उरली. आमची एक खेळाडू म्हणाली, “सर, ही तासभर नाबाद. आपल्यात कुणी नऊ मिनिटांची पाळी तरी काढतंय का?” मी हसलो, पण त्या रात्री घड्याळ घेऊन जुन्या लढती बघत बसलो. तेव्हापासून नाद लागला.

ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी : दोघांपासून सुरुवात होते, मग ठराविक अंतराने एकेक नवा मल्ल येतो. वरच्या दोरावरून बाहेर पडून दोन्ही पाय जमिनीला लागले की बाद. 1988 साली कॅनडातल्या हॅमिल्टनला टीव्हीवर पहिली झाली तेव्हा वीसजण होते, पुढच्या वर्षापासून सहसा तीस. आता कोणी कोणाला फेकले, हे लिहिणाऱ्याच्या मनावर. केनने 2001 मध्ये अकरा फेकले, 2014 मध्ये रोमन रेन्सने बारा, 2020 मध्ये ब्रॉक लेसनरने तेरा. हा चढत्या भाजणीचा हिशेब पाहूनच कळते की कोणीतरी टेबलाशी बसून आकडा एकने वाढवतो आहे. 1999 मध्ये तर कंपनीचे मालक व्हिन्स मॅकमहन स्वतःच जिंकले! याला विक्रम म्हणू नका, पत्रलेखकांशी मी सहमत.

वेळेचे तसे नाही. किती वेळ ठेवायचे हे कागदावर ठरत असेल, पण तो वेळ उभा राहून काढतो तो माणूसच. रिक फ्लेअर 1992 मध्ये तिसरा उतरला आणि तासभराने जिंकूनच बाहेर आला, वय वर्षे 42. रे मिस्टेरिओने 2006 मध्ये 62 मिनिटे काढली. गुंथर 2023 मध्ये पहिला उतरून 71 मिनिटांवर टिकला आणि शेवटच्या दोघांत हरला. तरी तो आकडा त्याच्याच नावावर राहिला, हे मला आवडले. आमच्याकडेही गडी बाद होतो, त्याची वेळ बाद होत नाही. यातला बराच वेळ मंडळी दोराला मिठी मारून कोपऱ्यात दम खात पडलेली असतात, हे कबूल. खो-खोतही चांगला पळणारा कुठे जोरात आणि कुठे आरामात पळायचे ते जाणतोच.

आता आपल्या चौकटीतली गफलत. ‘पहिल्या क्रमांकावर येऊन विजयी’ या रकान्यात आपण शॉन मायकेल्स (1995) आणि ख्रिस बेन्वा (2004) यांना एका ओळीत बसवले आहे. 1995 साली दर 60 सेकंदांनी नवा गडी येत होता, म्हणून मायकेल्सचे सगळे काम 39 मिनिटांच्या आतच आटोपले. बेन्वाला तासाहून जास्त लागले. तसेच डॅनियल ब्रायनची 76 मिनिटे आपण गुंथरच्या वर छापली, पण ती 2018 ची जेद्दाची लढत पन्नासजणांची होती. सात मिनिटांच्या आणि नऊ मिनिटांच्या पाळीतल्या वेळा एका कोष्टकात घातल्या, तर आमचे सरपंच, म्हणजे खो-खोचे मुख्य पंच, गुणपत्रिका तोंडावर फेकतील. आणि सर्वांत कमी टिकलेला म्हणून सँटिनो मरेलाचे 1.9 सेकंद! आधीचा नीचांक 1989 पासून वॉरलॉर्डच्या नावावर होता, 2 सेकंद. हातातल्या घड्याळावर अंगठा दाबेपर्यंत दशांशाचा हिशेब संपतो, हे मी शपथेवर सांगतो.

पंच म्हणून मला सर्वांत भावलेली जागा मायकेल्सचीच. शेवटी तो दोरावरून गेला, लोंबकळला, पण त्याचा एकच पाय जमिनीला लागला. नियम दोन्ही पायांचा. 2012 मध्ये कोफी किंग्स्टन तर हातांवर चालत लोखंडी पायरीपर्यंत गेला. लिहिलेले असेल, पण तोल कोणी लिहून देत नाही. 2005 मध्ये बटिस्टा आणि जॉन सीना एकदमच खाली पडले. निवाडा करायला मालक धावत आले, आखाड्यात सरपटत शिरताना त्यांच्या दोन्ही मांड्यांचे स्नायू फाटले आणि त्यांनी बसल्या बसल्याच हुकूम सोडले. शेवटी दोघांना पुन्हा झुंजवले आणि बटिस्टा जिंकला.

तेव्हा विनंती एवढीच : दुरुस्ती छापताना मायकेल्सच्या नावापुढे मिनिटे आणि प्रवेशाचे अंतर लिहा, जेद्दाची वेळ वेगळ्या ओळीत टाका. आणि जागा उरलीच, तर आमच्या तालुक्याच्या मुलींच्या खो-खोतल्या संरक्षणाच्या वेळा गेल्या महिन्यापासून आपल्या कार्यालयात पडून आहेत.

आपला,
एक निवृत्त पी.टी. शिक्षक,
ता. वाळवा, जि. सांगली