काकांची ॲटलस राहू दे, चिन्मयची सायकल काढ

बावधन, पुणे

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. पत्र आणि ॲटलसचे फोटो मिळाले. काकांच्या सायकलला मोटर बसवायची, ४८ व्होल्ट ५०० वॉटचं किट पाहून ठेवलंय, हँडललाच ॲक्सिलरेटर, पायडल मारायचीसुद्धा गरज नाही! तुझा उत्साह मोडायचा नाही, पण गाडी चुकीची निवडलीस आणि किटही.

आधी गाडीचं. ॲटलसच्या मागच्या चाकाच्या तारा मोज, ४० भरतील. पुढच्या ३२. हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यात बसणारी, बहुतेक ३६ भोकांच्या येतात. म्हणजे रिम बदलणं आलं, आणि दांड्यांच्या ब्रेकला चालणारी २८ इंची रिम ३६ भोकांत शोधत तू रत्नागिरीपासून कोल्हापूरपर्यंत फिरशील. समजा मिळाली. ब्रेकचं काय? ते रबर रिमला आतल्या बाजूने लागतं. रिम ओली असताना मारुती मंदिराकडून खाली मांडवीला उतरणं म्हणजे काय, हे तुला मी काय सांगू? दोघांनीही चपला घासल्यात. त्यात आता मोटर-बॅटरीचं सहा-सात किलो वजन वाढवायचं! शिवाय किटबरोबर ब्रेकचे जे लिव्हर येतात त्यांत स्विच असतो, ब्रेक दाबला की मोटरचा प्रवाह तुटतो. दांड्यांच्या ब्रेकला ते लिव्हर बसतच नाहीत. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. तेव्हा ती आठवण म्हणून जप, तेलपाणी कर आणि रविवारी बाजारात ने, बस्स.

चिन्मय इंजिनिअरिंगला गेल्यापासून त्याची गिअरची सायकल जिन्याखाली पडून आहे ना? ती काढ. २६ इंची चाक, लोखंडी फ्रेम, केबलचे ब्रेक. हिलाच मोटर शोभेल.

आता ताकदीचं. मी रोज संध्याकाळी कोथरूडहून चांदणी चौकाचा चढ चढून घरी येतो, तेव्हा हा हिशेब पायांना पाठ झालाय. माणूस, सायकल, दप्तर मिळून १०० किलो धर. ५ टक्के चढावर ताशी १२ किलोमीटरने जायचं तर साधारण २०० वॉट लागतात. आपल्या वयाचा माणूस सलग १०० वॉट देऊ शकला तरी पुष्कळ. उरलेले १०० मोटरने दिले की घाम न येता वर. मग ५०० वॉट कशाला? २५० ची मोटर भरपूर झाली. कायद्याची मर्यादाही तिथेच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत अशा सायकलची व्याख्या आहे: मोटर पाव किलोवॅटच्या आतली, वेग वाढेल तसा तिचा जोर कमी होत ताशी २५ किलोमीटरला संपणारा, आणि पायडल थांबलं की तीही थांबणार. तुझ्या ५०० वॉटवाल्या गाडीला नंबरप्लेट, लायसन, विमा सगळं लागेल, आणि घरी जोडलेल्या गाडीची नोंदणी करायला तू कुठे जाणार? म्हणून पायडलवर चालणारं किट घे, ज्यात क्रँकजवळ, म्हणजे पायडलचे दांडे जिथे जोडलेले असतात तिथे, पायडल फिरतंय हे ओळखणारी चुंबकांची चकती लागते.

विकणारा सांगेल की उतारावर बॅटरी चार्ज होते. हसून सोडून दे. या छोट्या हब मोटरींमध्ये आत गिअर आणि क्लच असतो. चाक पुढे पळालं की मोटर सुटी होते, मग चार्ज कुठून होणार?

खरी काळजी घ्यायची ती एक्सलची. साध्या चाकात एक्सल नुसता वजन पेलतो. हब मोटरमध्ये चाक पुढे फिरवताना मोटर एक्सलला उलटं फिरवू पाहते. एक्सलच्या दोन बाजू सपाट असतात, त्या चिमट्याच्या खाचेत घट्ट बसल्या पाहिजेत. नट ढिला राहिला तर एक्सल खाचेत गरकन फिरतो, वायर पिळून तुटते आणि चाक निखळू शकतं. म्हणून टॉर्क आर्म, म्हणजे एक्सलला धरून फ्रेमला बांधायची लोखंडी पट्टी, किटमध्ये नसली तर वेगळी घे. शे-दोनशे रुपये वाचवू नकोस. पुढच्या चाकाची मोटर बसवायला सोपी, पण तुमच्याकडच्या ओल्या जांभ्यावर चढताना पुढचं चाक जागेवरच घसरेल. मागचीच घे.

बॅटरी ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवरची, म्हणजे ३६० वॉट-अवर. तू पायडल मारत राहिलास तर किलोमीटरला साधारण दहा-बारा वॉट-अवर जातात, म्हणजे तीसेक किलोमीटर. चढउतार धरून पंचवीस समज. पूर्ण चार्जला अर्धं युनिटही लागत नाही. आत सेलचे दहा गट एकापुढे एक जोडलेले असतात, भरल्यावर ४२ व्होल्ट. ४८ व्होल्टवाल्याचा चार्जर ५४.६ देतो. पिन बसते म्हणून कुणाचाही चार्जर लावू नकोस. बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं, बॅटरी सांभाळणारं सर्किट) आणि पक्कं कव्हर नसलेली, जुन्या सेलची, टेपने गुंडाळलेली बॅटरी कुणी अर्ध्या किमतीत दिली तरी नको. घर पेटायला अशी एक पुरते. चार्जिंगला रात्री झोपताना लावायची नाही, आणि जिन्यात तर मुळीच नाही. आग लागली तर खाली उतरणार कुठून? पावसात सायकल बाहेर राहिली तरी बॅटरी घरात आण. कनेक्टरपाशी येणारी वायर आधी खाली झोळ देऊन मग वर घे, म्हणजे पाणी झोळातून ठिबकेल, जोडात शिरणार नाही. मांडवीच्या खाऱ्या हवेत पितळी पिनांना ग्रीस लावलंच पाहिजे.

ही कल्पना चिनी किटवाल्यांची नाही बरं का. ओहायोतल्या ऑग्डेन बोल्टनने ३१ डिसेंबर १८९५ ला असंच पेटंट घेतलं होतं, मोटर मागच्या चाकात आणि बॅटरी आडव्या नळीखाली. आपण सव्वाशे वर्षं उशिरा निघालोय.

तर किट मागवण्याआधी एक कर. चिन्मयच्या सायकलचं मागचं चाक काढ आणि फ्रेमच्या दोन खाचांमधलं आतलं अंतर मोज. १३५ मिलिमीटर भरलं तर मोटर सरळ बसेल. मागच्या दातेरी चकत्यांची फ्री हबवर आट्यांनी फिरवून बसवलेली आहे की सरकवून बसवायची कॅसेट आहे तेही बघ, आणि रिमच्या तारा मोज. तिन्ही गोष्टी फोटोसह कळव, म्हणजे कुठलं किट घ्यायचं ते मी सांगतो. बसवायला दिवाळीत येतोच, पाने माझे आणेन. काकूंना नमस्कार सांग, आणि सोलकढी करून ठेवायला सांग.

तुझा,
अविनाश