शुक्रवारच्या बैठकीआधी: ज्यांच्या घरात लकवा झालाय त्यांनी वाचाच

गटातल्या सगळ्या जणींना,

शुक्रवारी हप्ता भरायला येताना आधी उपकेंद्रात बीपी अन् साखर तपासून या. तिशीच्या पुढच्यांची तपासणी तिथं फुकट होते. आई-वडील, भाऊ-बहीण यांच्यापैकी कुणाच्या अंगावरून वारं गेलं असेल तर टाळूच नका. बीपी दुखून कळत नसतं.

माझ्या सासूबाई भाकरी थापत होत्या. एकाएकी डावा हात परातीतच पडून राहिला, बोलणं बोबडं झालं. आम्ही तेल चोळत दोन तास घालवले! तसं करू नका. तोंड वाकडं, हात गळालेला, जीभ जड, यातलं एकही दिसलं की घड्याळ बघा, 108 ला फोन लावा अन् सिटी स्कॅन असलेल्या दवाखान्यातच न्या. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देतात. पाणी, गोळी काही पाजू नका, ठसका लागून फुफ्फुसात जातं. पाच मिनिटांत हात हलायला लागला तरी न्याच.

बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. ठेच्यातलं मीठ आवरा. मिसरी मात्र बंदच, मग कुणी रुसलं तरी चालेल.

दवाखान्याच्या जुन्या चिठ्ठ्या सोबत आणा.

– गटाची सचिव