गुलमर्ग स्कीइंग सहल : प्रवास विम्याबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, फेब्रुवारीतील गुलमर्ग सहलीसाठी प्रत्येकाने प्रवास विमा काढणे बंधनकारक आहे. येत्या रविवारी सायंकाळी ६ वाजता साताऱ्यात राजवाड्याजवळ नेहमीच्या ठिकाणी बैठक होईल. तेथे पॉलिसीची प्रत खजिनदारांकडे द्यावी.

पॉलिसी निवडताना हप्त्याच्या रकमेआधी अपवादांचे पान वाचावे. अनेक सर्वसाधारण प्रवास विम्यांतून साहसी खेळ वगळलेले असतात. त्यामुळे स्कीइंगचा समावेश असल्याची खात्री विमा कंपनीकडून लेखी घ्यावी, कारण एजंटाचे तोंडी आश्वासन दाव्याच्या वेळी कामास येत नाही. तसेच पुढील बाबी तपासाव्यात :

• उंचीची मर्यादा. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे, परंतु गोंडोलाचा (तेथील रोपवेचा) दुसरा टप्पा अफरवट पर्वतावर ३,९०० मीटरच्याही वर नेतो. रोज अजिंक्यतारा चढणाऱ्यांनीही ही अट दुर्लक्षू नये.

• आखून दिलेल्या उतारांबाहेर स्कीइंग केल्यास संरक्षण मिळते का. बहुधा मिळत नाही. म्हणून तेथे कोणीही जाऊ नये.

• जखमीस डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च. घरचा आरोग्य विमा रुग्णालयातील उपचारांपुरता असतो, असे गृहीत धरून चालावे.

• भाड्याच्या साहित्याचे नुकसान.

रक्तदाब, मधुमेह किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया अर्जात लपवू नये. मद्यपानानंतरच्या अपघाताचा दावाही सहसा नाकारला जातो. पॉलिसी न देणाऱ्यांचे तिकीट काढले जाणार नाही.

– सहल समिती