नवतप्याआधी येणारी भाटी

नागपूर,
२१ एप्रिल

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार.

मागे फोनवर तू म्हणालास, "गावठी मांजरं काय, गल्लीत दहा फिरतात. पाळायचंच तर जातिवंत पाळ." मी गप्प राहिलो. त्या दिवशी माझंही मन तिकडेच होतं. एका ब्रीडरकडे दोन हजार टोकन देऊन आलो होतो, ते तुला सांगितलं नव्हतं. आता वेगळंच ठरलंय. फोनवर हे सगळं नीट सांगता आलं नसतं, आणि एक गोष्ट खास तुझ्यासाठी आहे, म्हणून लिहायला बसलो.

लेक दोन वर्षांपासून मांजर मागतेय. हट्ट नाही, नुसतं अधूनमधून विचारायची. दिवाळीत तुझ्याकडे आलो तेव्हा तुझी पर्शियन मांजर राणी तिच्या मांडीवर दोन तास झोपली. ती पोर पायाला मुंग्या आल्या तरी हलली नाही. तेव्हापासून तिच्यासाठी मांजर म्हणजे राणी. खरं सांगतो, माझ्यासाठीही. तो पांढरा दाट कोट, ते गोल डोळे. म्हणून आधी ब्रीडरकडेच गेलो.

फ्लॅटमधली मागची खोली, एसी चालू, भिंतीला लागून पिंजरे. तो भाव सांगत होता: डॉल फेस इतके, पंच फेस त्याहून जास्त, ट्रिपल कोट, म्हणजे फारच दाट केस, हवे असतील तर आणखी. चेहरा जेवढा चपटा तेवढी किंमत चढत जाते, हे तिथे कळलं. एक पिल्लू लेकीच्या हातात दिलं, ४५ दिवसांचं. तिने ते कानाशी धरलं आणि म्हणाली, "बाबा, हे घुरघुरतंय, त्याला मी आवडले." मीही ऐकलं. लगेच टोकन दिलं. पिल्लाची आई बघू का, असं विचारलं तर म्हणाला, ती दुसऱ्या जागी आहे. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पिल्लू आणण्याआधी काय तयारी लागते ते विचारायला ओळखीच्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मोबाईलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा आवाज वाढवून ऐकला आणि म्हणाल्या, "हे घुरघुरणं नाही. हा श्वास आहे."

बाळू, हे वाक्य मी अजून विसरू शकलेलो नाही.

त्यांनी कागदावर कवटी काढून समजावलं. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या चपटा चेहरा निवडला, पण नाकाच्या आतली हाडं, टाळू, दात हे सगळं त्या कमी जागेत दाटीवाटीने बसवावं लागलं. अश्रू नाकात उतरण्याची जी नळी असते ती वाकडी होते, म्हणून पाणी डोळ्यांतून बाहेर वाहतं आणि खाली तपकिरी ओघळ दिसतात. पिल्लाच्या डोळ्यांखाली ते होते. मला वाटलं होतं, रंगच तसा आहे. आणि मुख्य प्रश्न आमच्या गावचा. मांजराला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तळपायांना तेवढा येतो. फारच तापलं तर ते तोंड उघडून धापा टाकतं, आणि चपट्या नाकाच्या मांजराला तेही धड जमत नाही. वर तो कोट. आमच्या घरात एसी एकाच खोलीत, बाकी कूलर. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, दुपारी लाईट गेली की आपलाच जीव कासावीस होतो. त्या जिवाला मी कुठे ठेवणार होतो?

मग डॉक्टरीणबाई मूत्रपिंडांबद्दल बोलल्या. पर्शियन मांजरांत एक आनुवंशिक आजार आहे, पीकेडी. मूत्रपिंडांत जन्मापासूनच पाण्याच्या बारीक गाठी असतात, त्या वर्षानुवर्षं वाढत जातात. आई किंवा बाप एकाकडून सदोष जनुक आलं तरी पुरे, म्हणजे साधारण निम्म्या पिल्लांना तो जाऊ शकतो. मांजर तरुणपणी अगदी ठणठणीत दिसतं. यासाठी डीएनए चाचणी आहे. मी ब्रीडरला फोन करून विचारलं की आई-बापाची ही चाचणी झालीय का. तो म्हणाला, "साहेब, पेपर आहेत ना." पेपरवर आजोबा-पणजोबांची नावं असतात. मूत्रपिंडांबद्दल त्यात काही नसतं.

त्याने कान दुमडलेलं एक स्कॉटिश फोल्डही दाखवलं होतं, त्याचंही विचारून घेतलं. १९६१ साली स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सूझी नावाची दुमडलेल्या कानांची मांजर सापडली, तिच्यापासून ही जात निघाली. कान दुमडतात ते कूर्चेतल्या, म्हणजे कानाच्या लवचिक हाडातल्या, दोषामुळे, आणि तोच दोष सांध्यांतही असतो. काहींना लहानपणापासूनच सांधे दुखतात. मांजर दुखणं लपवतं, म्हणून आपल्याला ते फक्त शांत वाटतं. लेकीने हे ऐकलं आणि मोबाईलमधले त्या मांजरांचे सगळे फोटो पुसून टाकले. मी सांगितलं नव्हतं.

एक मात्र मी मानतो. जातिवंत मांजर पाळणारा प्रत्येक माणूस निष्काळजी नसतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाचण्या करून घेणारे, पिल्लाला निदान बारा आठवडे आईजवळ ठेवणारे, आई दाखवणारे, न जमल्यास मांजर परत घेणारे ब्रीडर असतात. तसा कुणी भेटला असता आणि आम्ही थंड गावात राहत असतो, तर कदाचित माझा निर्णय वेगळा झाला असता. सगळीच जातिवंत मांजरं चपट्या नाकाचीही नसतात.

टोकन मी परत मागितलं नाही. पण त्या पिल्लाला तिथे सोडून आलो, ही बोच राहिली. चार रात्री हिच्याशी तेच बोलत होतो. मी नाही नेलं म्हणून त्याचा श्वास मोकळा होणार नाही. हीसुद्धा म्हणाली, निदान आपल्याकडे त्याचं औषधपाणी तरी झालं असतं. ते खरंच आहे. पण त्या पिंजऱ्यांमागे कुठेतरी त्याची आई आहे. मांजराचे दिवस भरायला ६३-६५ दिवस पुरतात, आणि अंगावर पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. माझे पैसे तिची पुढची वीण ठरवणार होते. मी तिला पाहिलेलंही नाही, तरी निर्णय झाला तो तिच्यामुळे.

मग बेवारस मांजरांच्या शेल्टरमधून मांजर आणायचं ठरवलं. आईला हे सांगितलं तर तिला ती कल्पनाच पटेना. "मांजर काय इकत आणाची, नाही त फारम भरून आणाची? थे आपल्या पायानं येते." गावच्या घरी ज्वारीच्या कोठ्यांपायी मांजर असायचंच, आणि ते कुणी आणलेलं नसायचं. तिला वाटतं, मांजराला काही झालं तर सोन्याचं मांजर काशीला वाहावं लागतं, म्हणून जबाबदारी घेऊच नये. मी तिला म्हटलं, आता दुसऱ्या मजल्यावर कुणी आपल्या पायाने येणार नाही. तिने यावर उत्तर दिलं नाही, पण दुसऱ्या दिवशी गाडीत येऊन बसली.

शेल्टरमध्ये मी दानधर्माच्या भावनेने गेलो होतो, तसं काही तिथे चाललं नाही. त्यांनीच आम्हाला पारखलं. बाल्कनीला जाळी आहे का? दुपारी घरी कोण असतं? परगावी गेलात तर काय? बदली झाली तर? डॉक्टरचा खर्च वर्षाला किती धरलाय? मांजर पंधरा-सोळा वर्षं जगू शकतं, तेव्हा मुलगी शिकायला बाहेर गेल्यावर कोण बघणार? शेवटच्या प्रश्नावर आई म्हणाली, "हा हाय ना." घर बघायला त्यांची माणसं येऊन गेली.

उन्हाळ्यात तिथे पिल्लांचा नुसता पूर असतो. लेक पिल्लांत रमली. मी मोठ्यांच्या खोलीत बसलो. तिथे एक तिरंगी भाटी, म्हणजे मादी, होती, साधारण दोन वर्षांची. तीन रंगांचं मांजर बहुतेक वेळा भाटीच असतं. रंग काळा की केशरी हे एक्स गुणसूत्रावरून ठरतं आणि बोक्याकडे ते एकच असतं. ऑपरेशन झालेलं, कानाचं टोक कापलेलं, म्हणजे नसबंदीची खूण. कुणीतरी घर बदलताना सोडून दिलेली. ती माझ्याजवळ आली नाही. खिडकीत बसून होती. अर्ध्या तासाने माझ्याकडे बघून तिने सावकाश डोळे मिटले आणि उघडले. मीही तसंच केलं. मग ती उतरली आणि माझ्या चपलेला गाल घासून परत खिडकीत गेली.

लेकीला पिल्लू सोडून मोठी मांजर घ्यायला मी भाग पाडलं नाही. तिने तिथल्या ताईंना विचारलं, "हिला कोणी का नेत नाही?" त्या म्हणाल्या, "सगळ्यांना छोटी हवी असतात." झालं. गाडीत तिने तिचं नाव ठरवलं, पण ते मांजर घरी आल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही म्हणे.

शेल्टरची मांजर म्हणजे सगळं छान, असंही नाही. तिचा भूतकाळ कुणालाच माहीत नाही. मागच्या महिन्यात तिला बुरशीचं गजकर्ण झालं होतं, ते माणसालाही होतं, म्हणून उपचार पुरे होईपर्यंत थांबलो. ल्युकेमिया आणि एफआयव्ही या मांजरांच्या दोन विषाणूंची तपासणी झालीय, दोन्ही नाहीत. ट्रायकॅट, म्हणजे मांजरांच्या तीन रोगांवरची एकत्र लस, आणि रेबीजची लस दिलीय. पहिले आठ-पंधरा दिवस ती पलंगाखालीच राहील, तिला ओढून काढायचं नाही, असं बजावलंय. जाळीवाला काल येऊन गेला. रविवारी तिला आणतोय, नवतप्याच्या बरंच आधी, म्हणजे घरातला गार कोपरा तिचा ती शोधून ठेवेल.

आता तुझ्यासाठीची गोष्ट. त्याच फोनवर बोलता बोलता तू म्हणालास, राणी हल्ली फार पाणी पिते, लिटर, म्हणजे तिच्या शी-शूच्या ट्रेमधली माती, दिवसातून दोनदा बदलावं लागतं, आणि जरा हलकी झालीय. तू ते उन्हाळ्यावर टाकलंस. तेव्हा मला हे काही ठाऊक नव्हतं, म्हणून हो म्हणालो. राणी पाच वर्षांची आहे ना? बाळू, तिची सोनोग्राफी करून घे. परळला बैलघोड्यात, त्या प्राण्यांच्या हॉस्पिटलात, ने, नाहीतर तुझ्या जवळ ज्यांच्याकडे मशीन असेल त्यांच्याकडे. मूत्रपिंडांचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीही तपासायला सांग. पीकेडी बरा होत नाही, पण लवकर कळलं तर खाणं बदलून, पाणी वाढवून, औषधांनी पुष्कळ काळ चांगला जातो. काही निघालं नाही तर मी सगळ्यांत जास्त खूश होईन.

ज्या दिवशी नेशील त्या दिवशी रात्री फोन कर, कितीही वाजले तरी. वहिनींना नमस्कार. लेकीने राणीसाठी सुतळीचा एक चेंडू केलाय, तो वेगळ्या पाकिटाने पाठवतोय.

तुझा,
भाऊ