नामिबियाला निघण्यापूर्वी बाबांना पत्र

ह्यूस्टन,
दि. १८ मे

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

गेल्या रविवारी मी नामिबियाला शिकारीसाठी जाणार असल्याचे सांगितले, तेव्हा तुम्ही काही न बोलता फोन आईकडे दिलात. मोहर्लीच्या जंगलात तीस वर्षे वनरक्षक म्हणून काढलेल्या माणसाला मुलाचा हा बेत रुचणार नाही, याची मला कल्पना होती. म्हणून फोनवर वाद घालण्याऐवजी या सफरीची तयारी मी कशी करतो आहे, ते तुम्हाला सविस्तर कळवावे असे ठरवले. तुमचे मत बदलावे हा हेतू नाही. पण मी हे हलक्या मनाने करत नाही, एवढे तुम्हाला कळावे असे मनापासून वाटते.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली आणि तो कायदा राबवण्यातच तुमचे आयुष्य गेले. नामिबियाची वाट वेगळी आहे. तिथे १९७५ च्या कायद्याने शेतमालकांना आपल्या जमिनीवरील काही वन्य प्राण्यांवर हक्क मिळाला आणि १९९६ मध्ये तसाच हक्क सामाईक जमिनीवर राहणाऱ्या गावांनाही, त्यांनी संवर्धनक्षेत्र स्थापन केल्यास, देण्यात आला. त्यामुळे कुंपणातले गवत गुरांसाठी राखायचे की हरणांसाठी, याचा विचार करताना शेतकऱ्याला हरणांचीही किंमत दिसते. मी जिथे जाणार आहे ते शेत ओचिवारोंगो गावापासून जवळ आहे. २०२२ च्या सप्टेंबरात कुनोला जे आठ चित्ते आले, ते नामिबियातूनच. त्यांची देखभाल करणाऱ्या संस्थेचे केंद्रही याच गावाजवळ आहे. त्या दिवशी तुम्ही सकाळपासून टीव्हीसमोरून हलला नव्हता, असे आईने सांगितल्याचे मला आठवते.

परवान्यावर माझ्या नावे एक कुडू आणि एक ओरिक्स अशी तिथली दोन मोठी हरणे आहेत. कुडूचा नर आपल्या सांबराएवढा भरतो, ओरिक्स साधारण नीलगायीएवढा. मांस वाया जात नाही. ते शेतावरच राहते, कामगारांना आणि स्वयंपाकघराला जाते. परदेशी माणसाला तिथे नोंदणीकृत मार्गदर्शकाशिवाय शिकार करता येत नाही, आणि रात्री दिव्याच्या उजेडात प्राणी मारणे हा गुन्हा आहे. जीपचा झोत टाकून चितळे मारणाऱ्यांच्या मागे तुम्ही किती रात्री जागून काढल्यात हे मी पाहिले आहे. त्यामुळे हा नियम वाचल्यावर मला बरे वाटले.

सर्वांत जास्त वेळ गेला तो नेमबाजीत. मोठ्या हरणांसाठी नळीतून सुटणाऱ्या गोळीची ऊर्जा किमान २७०० जूल असली पाहिजे, असा तिथला नियम आहे आणि माझी थर्टी-ऑट-सिक्स रायफल त्यात सहज बसते. त्यामुळे बंदुकीची चिंता नव्हती, चिंता माझ्या हाताची होती. इथे मैदानावर लोक टेबलाशी बसून, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून नेम धरतात. आफ्रिकेत मात्र माग काढणारा पुढे जातो, तीन काठ्यांचे तिकाटणे गवतात उभे करतो आणि त्याच्या बेचक्यात रायफल ठेवून उभ्यानेच गोळी झाडावी लागते, तीही चालून धाप लागलेली असताना. जानेवारीत मी दीडशे मीटरवरून पहिल्यांदा तसा प्रयत्न केला, तेव्हा दहापैकी चारच गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात बसल्या. त्या दिवशी घरी परतताना मनाशी ठरवले की हे प्रमाण सुधारले नाही, तर भरलेले पैसे बुडाले तरी चालतील, पण जायचे नाही. तेव्हापासून दर शनिवारी मैदानाला दोन फेऱ्या मारून, छाती धडधडत असतानाच तिकाटण्यावर उभा राहतो. गेल्या तीन आठवड्यांत दहापैकी नऊच्या खाली आलेलो नाही.

नेम कुठे धरायचा, हेही नव्याने शिकावे लागले. टेक्सासमध्ये हरणाच्या खांद्यामागे नेम धरण्याची सवय असते, पण आफ्रिकेतल्या हरणांचे काळीज पुढे आणि खाली, जवळजवळ पुढच्या दोन पायांच्या मध्ये असते. म्हणून प्राणी आडवा उभा असताना पुढच्या पायाच्या रेषेने वर जात शरीराच्या खालच्या तिसऱ्या हिश्शावर थांबायचे. कुडूच्या खांद्यावर उंचवटा असतो आणि तो पाहून नवखा माणूस हमखास वर मारतो. त्या गोळीने जनावर लगेच मरत नाही. ते दूर निघून जाते आणि हाल होऊन मरते. मी ओरिक्सचे खऱ्या मापाचे चित्र कागदावर काढून गॅरेजच्या दारावर लावले आहे आणि रोज रात्री रिकाम्या रायफलीने त्यावर नेम धरून चाप ओढतो.

कागदपत्रांचे काम किचकट असले तरी आता उरकले आहे. रायफलीचा क्रमांक घातलेला कस्टमचा ४४५७ नंबरचा फॉर्म, शेतमालकाचे निमंत्रण आणि विंडहुकच्या विमानतळावर पोलिसांना द्यायचा तात्पुरत्या आयातीचा अर्ज, या सर्वांच्या तीन-तीन प्रती केल्या आहेत. फॉर्मवर एक आकडा चुकीचा पडल्याचे माझ्या लक्षात आले, तेव्हा रायफल घेऊन मी पुन्हा त्या कार्यालयात गेलो आणि नवा फॉर्म करून आणला. रायफल कडक पेटीत कुलूपबंद जाते, काडतुसे वेगळ्या डब्यात. विमानात ती पाच किलोपर्यंत चालतात, पण माझी चाळीस काडतुसे सव्वा किलोसुद्धा भरत नाहीत.

कपडे फारच थोडे घेतले आहेत, कारण तळावर ते रोज धुऊन मिळतात. मळकट हिरव्या आणि खाकी रंगाचे तीन जोड पुरतील. लष्करी छापाचे कपडे मुद्दाम टाळले. सोबत रायफल असताना विमानतळावर विनाकारण संशय नको. आईला सांगा की तिने विणलेली तपकिरी कानटोपी मी सर्वांत वर ठेवली आहे. जूनमध्ये तिथे हिवाळा असतो. दुपारी ऊन असले तरी पहाटे तापमान शून्याच्या जवळ उतरते, आणि त्या वेळी उघड्या गाडीच्या मागच्या बाजूला उभे राहायचे असते. बूट मात्र नवे घेतले नाहीत. फेब्रुवारीत घेतलेल्या जोडाने टाचेला फोड आणले होते. त्याच जोडाने दीडशेहून अधिक मैल चाललो, तेव्हा कुठे तो पायाला बसला. तिथल्या एका काटेरी झुडपाचे फोटो पाहिले, तर आपल्या खैरासारखेच जोडीजोडीने आलेले वाकडे काटे दिसले. खैरात अडकल्यावर पुढे ओढू नये, एक पाऊल मागे यावे, ही तुमची शिकवण तिथे तशीच लागू पडेल. नामिबियात आपल्या गिझरच्या प्लगसारखाच तीन जाड पिनांचा प्लग चालतो. घरून आणलेला जुना प्लग इतक्या वर्षांनी ट्रंकेतून बाहेर काढला. डॉक्टरांना भेटून औषधे घेतली, गोचीड लागू नये म्हणून कपड्यांवर फवारा मारला आणि विमाही उतरवला. आईने याबाबत निश्चिंत राहावे.

एक वस्तू मी कुठल्याही दुकानातून घेतली नाही. पाणवठ्याकडे जाताना तुम्ही चिमूटभर माती बोटांतून सोडून वारा पाहायचात. मी एका लहानशा प्लॅस्टिकच्या बाटलीत चाळलेली राख भरून घेतली आहे. दाबली की बारीक धूर निघतो आणि वारा कुठे वाहतो ते कळते. ती शर्टाच्या डाव्या खिशात राहील.

शिंगे किंवा कातडे चंद्रपूरला आणण्याचा विचारही माझ्या मनात नाही, हे स्पष्ट लिहितो. आपल्या घराच्या भिंतीवर तसे काही लागणार नाही.

आता माझी एक विनंती आहे. रक्ताचा एक थेंब जरी पडला, तरी प्राणी सापडो वा न सापडो, त्याची पूर्ण किंमत भरावी लागते. पण मला भीती पैशांची नाही, जखमी जनावर मागे राहण्याची आहे. मी आठवीत असताना कोणीतरी गोळी घातलेल्या सांबराचा माग तुम्ही दोन दिवस काढला होता आणि शेवटच्या खुणेपाशी झुडपाला कापडाची चिंधी बांधून पुढे जात होता. गोळी लागल्यावर किती वेळ थांबावे, रक्त दिसेनासे झाले की कोणत्या बाजूने वळसा घ्यावा आणि पानाच्या वरच्या बाजूला लागलेले रक्त काय सांगते, हे तुमच्याइतके नेमके मला दुसरे कोणी सांगू शकणार नाही. मी ८ जूनला निघतो आहे. तुमचे पत्र त्याआधी पोचणार नाही, तेव्हा ताईला फोनवर लिहून पाठवायला सांगा, किंवा तुम्हीच फोन करा. चिंध्यांसाठी जुना पांढरा पंचा फाडून बॅगेत ठेवला आहे.

ती. सौ. आईस साष्टांग नमस्कार. ताईला नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
प्रशांत